घडीची जाळी मोडते ती घडीमुळे नव्हे

गेल्या काही पावसाळ्यांपासून आमच्या बेळगाव-खानापूर भागात गळ टाकणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘घडीची हातजाळी घेऊ नका, मासा आत आला की बिजागरीतच मोडते. घ्यायचीच तर अखंड कड्याची घ्या, तीही मिळेल तेवढी मोठी. रबरी जाळी हे मासा सोडून देणाऱ्यांचे चोचले, साधी नायलॉनची बरी. आणि खरा गळ टाकणारा जाळी बाळगतच नाही.’ माझ्या भाच्याने यंदा हे वाचलं, जाळी घ्यायची रद्द केली आणि खानापुरात मलप्रभेवर अगदी काठाशी आणलेला रोहू गमावला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हातजाळी म्हणजे गळाला लागलेला मासा काठाशी आल्यावर त्याला अलगद वर घ्यायची दांड्याची झोळी. भोई टाकतात त्या पागाशी, म्हणजे फेकायच्या जाळ्याशी, तिचा संबंध नाही.

पहिला मुद्दा बिजागरीचा. बिजागरी मोडते हे खरं आहे, माझीही मोडलीय. हिडकलच्या खाली घटप्रभेवर बसलो होतो. तीनेक किलोचा कटला दमून आडवा झाला, मी जाळी त्याच्याखाली घातली आणि फावड्याने माती उचलावी तशी दांडा आडवा धरून उचलली. कट् असा आवाज आला आणि कड्याने मान टाकली. नंतर पाहिलं तर प्लास्टिकच्या सांध्यावर दुमडीच्या जागी पांढरा पट्टा उमटला होता आणि त्याच पट्ट्यावर चीर गेली होती. कितीतरी दिवस मी दोष जाळीलाच देत राहिलो.

पण जरा हिशेब करून बघा. कडं ५० सेंटिमीटर रुंद असेल तर मासा सांध्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर येतो. कडं ताठ धरणारी खुंटी बिजागरीच्या खिळ्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर असते. दांडा आडवा धरून ३ किलोचा मासा उचलला की त्या एवढ्याशा खुंटीवर ५० किलोचा ताण येतो. हे मासा गप पडून राहिला तर. शेपटी आपटली की आणखी वाढतो. आता तीच जाळी पाण्यातूनच आपल्याकडे ओढून घ्या, दांडा उभा करा आणि कडं हातात धरून वर काढा. वजन सरळ खाली लोंबतं, झोळीचं तोंड आपोआप मिटतं आणि सांध्याला वाकवणारा जोर जवळजवळ उरतच नाही.

अखंड कड्याची जाळी यातून सुटते असंही नाही. आडवी उचलली तर तिची दांड्याला जोडलेली मान वाकते. आणि आपल्या हातांचं काय? दीड मीटर लांब दांड्याच्या टोकाला ३ किलो आणि दोन हातांत ३० सेंटिमीटरचं अंतर असेल, तर मागच्या हाताने १२ किलोचा रेटा द्यावा लागतो. शेवाळलेल्या खडकावर उभं राहून हे करणारा माणूस माशासोबत स्वतःही पाण्यात जाऊ शकतो.

शिवाय ‘घडीची’ म्हणून सगळ्या जाळ्या एकाच तराजूत घालणं चुकीचं आहे. एका प्रकारात कडं अखंडच असतं, ते मानेपाशी दुमडून दांड्यावर उलटं पडतं. त्यात सांधा एकच, म्हणून मला हा प्रकार भरवशाचा वाटतो. दुसऱ्यात कड्याचे दोन हात छत्रीसारखे मिटतात आणि पुढच्या बाजूला नुसती दोरी ताणलेली असते. ती दोरी उथळ खडकाळ काठावर छान चिकटून बसते, पण ओढीच्या पाण्यात सैल पडून आत दबते आणि मासा तिच्यावरून निसटतो. मलप्रभेच्या वरच्या अंगाला, कणकुंबीपासून खाली खानापूरपर्यंत, खडक भरपूर आहेत, तिथे हा दुसरा प्रकारही चालतो. कृष्णेवर मी तो नेणार नाही.

दुकानात जाळी उघडायची, खुंटी बसल्याचा टक् आवाज ऐकायचा आणि दांडा धरून कडं जोरात हलवायचं. सांध्यात खडखड असेल तर परत ठेवायची. सांधा धातूचा असावा. दांडा लांब-आखूड होणारा असेल तर पिळून आवळायचा नको, बटण बाहेर येऊन अडकणारा बघा. पिळाच्या दांड्यात नदीची बारीक रेती गेली की तो आवळल्यासारखा वाटतो, पण ऐन वेळी सरकतो.

‘मिळेल तेवढी मोठी घ्या’ हा सल्ला शेततळ्यावर चालेल, तिथे पाणी उभं असतं. नदीचं पाणी जाळीला ढकलत असतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. त्यात ५० सेंटिमीटरच्या जागी ८० सेंटिमीटरचं कडं घेतलं तर क्षेत्रफळ अडीच पटींहून जास्त. एका हातात गळाची काठी, दुसऱ्या हातात ही एवढी परात आणि मासा मधे. आपल्याकडे दोन-अडीच किलोपर्यंतचा मासा बहुतेकदा गळाला लागतो, त्याला ५०-५५ सेंटिमीटरचं कडं आणि हातभर खोल झोळी पुरते. मासा आडवा मावायची गरज नाही, तो डोक्याकडून आत येतो आणि झोळीत दुमडतो.

इथेच बहुतेकांची चूक होते. जाळी घेऊन माशाच्या मागे धावायचं नसतं. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि काठीने मासा तिच्यावर आणायचा. शेपटीला काहीही टेकलं की मासा पुढे उसळी मारतो. तोंडासमोर जाळी असेल तर ती उसळी त्याला आतच नेते.

आता रबराबद्दल. ज्याने या मुद्द्याला ‘चोचले’ म्हटलं, त्याने गाठीच्या नायलॉन जाळीतून शिंगाळा कधी सोडवला नसावा. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन्ही काटे ताठ उभे राहतात, त्यांना मागच्या अंगाला करवतीसारखे दाते असतात. ते नायलॉनच्या धाग्यात असे अडकतात की शेवटी जाळीच कापावी लागते, नाहीतर काटा तळहातात घुसतो. चिलापीच्या पाठीचे टोकदार काटेही असेच अडकतात. गळाला तीन तोंडं असतील तर तोही जाळीत गुंततो आणि अंधार पडत असताना अर्धा तास सोडवासोडवीत जातो. रबराच्या किंवा रबराचा लेप दिलेल्या जाळीत काटा रुतत नाही. मासा खायला घरी नेणाऱ्यालाही याचा उपयोग आहेच की!

आणि आपण प्रत्येक मासा घरी नेत नाही, नेऊही नये. मृगाच्या पावसात चढणीचे मासे येतात, पोट गाभोळीने टम्म फुगलेलं असतं. अशी मादी लागली तर मी सोडतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा म्हणजे त्याचं कवच आहे, रोगजंतूंना तोच अडवतो. नायलॉनच्या गाठी तो खरवडून काढतात, खवले उचकटतात, पर फाडतात. मग सोडलेली मादी पोहत गेलेली दिसते खरी, पण अंगावर जखमा घेऊन गेलेली असते. रबरी जाळी ओली करून, ओल्या हाताने सोडली तर तिला जगण्याची खरी संधी मिळते. रबर जड असतं आणि प्रवाहात जास्त ओढतं, हे मान्य. ज्यांना ते जमत नाही त्यांनी लेप दिलेली घ्यावी, निदान बिनगाठीची तरी.

राहिला ‘खरा गळ टाकणारा’. गळ आपला, कानडीत तोच गाळ, दोन्ही भाषांतली माणसं एकाच काठावर शेजारी बसतात, आणि दोन्हींकडचे जुने लोक जाळी न घेता बसत हेही खरं. पण ते जाड दोर आणि मोठा गळ वापरत. आपण बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, वापरतो. पाण्यात ३ किलोच्या माशाचं वजन दोराला जवळपास लागतच नाही, पाणीच त्याला तोलून धरतं. हवेत उचलला की पूर्ण वजन येतं, वर त्याची धडपड. गाठीपाशी दोर आधीच कमजोर झालेला, आणि रोहूचे ओठ मऊ मांसल. भाच्याचा रोहू असाच गेला. दोर शाबूत होता, गळाला ओठाचा बारीक तुकडा अडकलेला होता.

कृष्णाकाठी अंकली, यडूर, कुडचीकडे तर मला जाळीशिवाय कुणी बसलेलं बघवत नाही. काळ्या मातीचा उभा कापलेला काठ, खाली पाणी. मासा हाताने घ्यायला माणूस उतरतो आणि पावसात ती माती लोण्यासारखी घसरते. वरून पाऊस आणि कोयनेतून सोडलेलं पाणी एकत्र आलं की कल्लोळ-यडूरचा बंधाराच पाण्याखाली जातो, अशा दिवसांत तर तिथे बसूच नये. एरवीही दोन मीटरपर्यंत लांब होणारा दांडा असेल तर काठावर बसूनच मासा घेता येतो. दोन मीटरची अखंड जाळी मोटारसायकलवर बेळगावहून कशी न्यायची? माणसं मग ती घरीच ठेवतात. घडीची जाळी पाठीवरच्या पिशवीत बसते, म्हणून काठावर असते.

मजकुरातलं बिजागरीचं म्हणणं मात्र मी पूर्ण खोडणार नाही: प्लास्टिकच्या सांध्याची स्वस्त जाळी खरोखर टिकत नाही. आणि ज्याचं शेततळं घरामागेच आहे, त्याने अखंड कड्याचीच घ्यावी, ती हलकी आणि ताठ असते.

घेतलीत तर घरी आल्यावर सांधा बादलीभर स्वच्छ पाण्यात उघडझाप करत धुवा. खुंटीच्या भोकात गाळ वाळला की खुंटी अर्धीच बसते, टक् आवाज येत नाही, आणि अर्ध्या बसलेल्या खुंटीवर पुढचा मासा उचलला जातो. धुतलेली जाळी मिटवू नका, उघडीच सावलीत टांगा.