अध्यापन रुग्णालयातील बाळंतपण आणि ‘शिकाऊ हातां’चा आरोप

माता आणि बालकांच्या उपचारांसाठी असलेल्या विद्यापीठीय रुग्णालयांविषयी एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे असे, की तेथे बाळंतपण शिकाऊ डॉक्टरांच्या हाती असल्यामुळे मृत्यू आणि सिझेरियन दोन्ही अधिक होतात, व्हिएन्नामध्ये १८४० च्या दशकातच हे सिद्ध झाले आहे, आणि तेथे स्त्रीला तपासणी नाकारता येत नाही. या भीतीने एखादी जोखमीची गर्भवती योग्य ठिकाणी जायचे टाळील, ही मला खरी चिंता वाटते.

वार गर्भाशयाच्या मुखावर आलेली, रक्तदाब वाढून झटके येऊ लागलेली किंवा २८ व्या आठवड्यातच कळा सुरू झालेली स्त्री लहान दवाखान्यातून पुढे पाठवली जाते ती याच रुग्णालयात, आणि तोवर मोलाचे तास अनेकदा वाटेतच गेलेले असतात. ती दगावली तर मृत्यूची नोंद येथे होते, पाठवणाऱ्या दवाखान्यात नाही. त्यामुळे नुसत्या टक्केवारीवरून रुग्णालयाची पारख होत नाही. सिझेरियनबाबत तर अशी चूक टाळण्याची रीतच उपलब्ध आहे. प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉबसन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केलेल्या वर्गवारीत स्त्रियांचे दहा गट केले जातात : पहिलटकरीण आहे का, आधी सिझेरियन झाले आहे का, जुळे आहे का, बाळ पायाळू किंवा आडवे आहे का, दिवस भरले आहेत का. तुलना करायची ती समान गटांची. तरीही प्रमाण अधिक निघाले, तर त्या रुग्णालयाला जाब विचारलाच पाहिजे.

व्हिएन्नाचा दाखला मात्र नीट वाचला तर आरोपाच्या विरुद्धच जातो. तेथील सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि तेथे सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या संसर्गाच्या तापाने, कितीतरी अधिक स्त्रिया दगावत, हे खरे आहे. पण दुसऱ्या विभागातही शिक्षणच चाले, तेथे सुईणी शिकत. म्हणजे शिकाऊ हात दोन्हीकडे होते. फरक एवढाच, की पहिल्या विभागातील हात शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. हे तेथील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले आणि मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू जून-जुलैपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली आले. विद्यार्थी मात्र तेथेच शिकत राहिले.

आज ज्यांना ‘शिकाऊ’ म्हटले जाते ते निवासी डॉक्टर हे पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि त्यांनी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणे अपेक्षित असते. ती देखरेख रात्रीही प्रत्यक्ष असते का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येक रुग्णालयाला स्वतंत्रपणे विचारावा लागेल.

संमतीविषयीचा आरोप तत्त्वतः चुकीचा आहे : विद्यार्थ्याकडून तपासून घ्यायला स्त्री नकार देऊ शकते आणि त्यामुळे तिचे उपचार थांबवता येत नाहीत. व्यवहारात मात्र कळा सोसणाऱ्या स्त्रीला न विचारता एकामागून एक तपासण्या होतात, या तक्रारी मला खोट्या म्हणवत नाहीत. शिकवण्यासाठीची तपासणी कोण करणार आणि कशासाठी, हे कळा वाढण्याआधी तिला विचारले गेले पाहिजे, आणि भूल दिलेली असताना करायच्या तपासणीसाठी तर आधीच स्पष्ट संमती हवी.