मध चोळल्याने बाळाचे दात किडत नाहीत?

"टूथपेस्टमधलं केमिकल नको. बाळाच्या हिरड्यांना रोज मध चोळा, त्यात चिमूटभर टाकणखाराची लाही घाला. दात सहज येतात, कीड लागत नाही. मध जंतू मारतो, म्हणून तर तो वर्षानुवर्षं टिकतो." हा मेसेज आमच्या नात्यातल्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. पाठवणाऱ्या मावशी-काकूंचा बाळावर जीव आहे, म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य धरून उत्तर देते.

मध टिकतो, हे खरं. त्यात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, साखर सुमारे ८० टक्के. एवढ्या दाट पाकात जंतू वाढत नाहीत. पण तोंडात लाळ मिसळली की पाक पातळ होतो, आणि दातांवरच्या जंतूंना आयती साखर मिळते. ती खाऊन ते आम्ल सोडतात, त्यानेच दात किडतो. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून चोखणीला मध लावून बाळाला निजवणं सगळ्यात वाईट.

शिवाय मधात जंतू वाढत नाहीत म्हणजे सगळे मरतात असं नाही. बोट्युलिझम म्हणजे जंतूंच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार; त्याच्या जंतूंचे बीजाणू (बियांसारखं चिवट रूप) मधात सुप्त राहू शकतात. मध शुद्ध असला, घरी उकळला, तरी खात्री नाही. मोठ्यांना सहसा त्रास होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. बाळांमधला हा आजार १९७६ साली ओळखला गेला. तो क्वचितच होतो, पण झाला तर श्वासावर येतो. म्हणून पहिल्या वर्षात मध नाही. जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने चाटवतात तो थेंबसुद्धा नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती टाकणखाराची. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो तापवून लाही केली तरी त्यातलं फक्त पाणी उडतं, बाळाला घातक असलेलं बोरॉन तिथेच राहतं. १९८३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची हकिकत आली होती. त्यांच्या चोखणीला बोरॅक्स आणि मधाचं मिश्रण लावलं जायचं. बाळांना झटके यायला लागले. मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. तुमच्या डब्यात ती पुडी असेल तर आजच टाकून द्या.

राहिलं केमिकल. पेस्टमध्ये दात किडू नयेत म्हणून घातलेल्या फ्लोराइडची धास्ती आपल्याकडे उगीच आलेली नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने दात डागाळलेले आहेत. तिथे दंतवैद्याला विचारूनच पेस्ट वापरा. इतरत्र पहिला दात दिसल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. हिरड्या शिवशिवत असतील तर स्वच्छ ओलं फडकं बोटाला गुंडाळून हलकेच चोळा.

बाळाला मध आधीच दिला असेल तर घाबरू नका, पण पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. शी अडली, रडणं क्षीण झालं, दूध ओढता येईना, पापण्या मिटू लागल्या, मान सैल पडली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि मध दिला होता हे डॉक्टरांना आधी सांगा.