ल्योंची वजडी, परळची खानावळ

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन तट पडले आहेत. निमित्त पुतण्याचं. तो आणि सूनबाई गोव्याला गेले, एका रात्री ऐपतीपेक्षा जरा वरच्या हॉटेलात जेवले आणि उत्साहाच्या भरात ताटांच्या फोटोंबरोबर बिलाचाही फोटो टाकून बसले. नानाकाकांनी लगेच लिहिलं, "एवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो." तरुण मंडळींनी 'आमचे पैसे, आमची जीभ' असा पवित्रा घेतला. कुणीतरी बिल बारकाईनं वाचून विचारलं, सर्व्हिस चार्ज का भरलास? तो सक्तीनं घेता येत नाही असं दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये सांगितलंय ना? भांडण रंगलं आणि मग सगळे माझ्याकडे वळले: तू त्या खवय्यांच्या देशात राहतेस, तूच सांग.

खवय्यांचा देश म्हणजे फ्रान्स, आणि माझं गाव ल्यों. इथं जेवण हा छंद मानत नाहीत, नागरिकत्वाचा भाग मानतात. मी पुतण्याच्या बाजूची आहे, फक्त त्याची कारणं मला पटत नाहीत. चैनीचं जेवण आयुष्यात असावं, प्रवासात तर असावंच. पण आपल्याकडे ही चैन करणारे आणि तिला नावं ठेवणारे, दोघंही ती बिलाच्या आकड्यावरच मोजतात. काकांना आकडा मोठा म्हणून पाप वाटतं, पुतण्याला आकडा मोठा म्हणून पराक्रम वाटतो. पदार्थाबद्दल दोघंही गप्प. तो नेमकं काय जेवला, हे मला ग्रुपवर शेवटपर्यंत कळलं नाही.

लोक ल्योंला जगभरातून जेवायला येतात. काय खायला? इथल्या जुन्या पद्धतीच्या छोट्या खाणावळींना बूशों म्हणतात. लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, एकमेकांना खेटून मांडलेली टेबलं, जाड बुडाच्या 46 सेंटिलिटरच्या बाटलीतून येणारी बोजोले वाइन. आणि ताटात? गुरांच्या पोटाची वजडी, पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, ब्रेडचा चुरा लावून तळलेली. आंदुइयेत नावाचं आतड्यांचं सॉसेज, ज्याचा वास शेजारच्या टेबलावर आलं तरी आपल्याला कळतो. डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अर्धवट शिजलेलं अंडं घातलेलं सॅलड. पाइक माशाच्या लगद्याचा फुगीर गोळा, म्हणजे क्नेल, क्रेफिशच्या सॉसमध्ये बुडालेली. लसूण, कांद्याची पात आणि हिरवा पाला घालून फेटलेलं ताजं चीज, जे पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला थेट आपला चक्का आठवला. शेवटी गुलाबी साखरेच्या बदामांचा टार्ट, डोळ्यांना भडक आणि जिभेला त्याहून भडक.

वजडी, आतडी, अंडं, दही. ही गरिबाची यादी आहे. आणि ती तशी असण्याला कारण आहे.

ल्यों हे रेशीम विणणाऱ्यांचं शहर. क्रुआ-रूसच्या टेकडीवर उंच छतांची घरं अजून उभी आहेत; छतं उंच, कारण आत जाकारचे, म्हणजे नक्षी विणणारे उंच माग मावायला हवे होते. त्या विणकरांना कानू म्हणत. मजुरीसाठी 1831 मध्ये आणि पुन्हा 1834 मध्ये ते रस्त्यावर उतरले, आणि दोन्ही वेळा त्यांच्यावर सैन्य घातलं गेलं. पहाटेपासून माग चालवून सकाळी नऊच्या सुमाराला ते भरपेट खात, त्याला माशों म्हणतात. चांगलं मांस मालकांच्या घरी जाई, उरलंसुरलं यांच्याकडे. ते उरलंसुरलं चविष्ट करणं ही या शहराची पाककला. आज वकील, डॉक्टर आणि नगरसेवक तेच माशों मोठ्या अभिमानानं खातात; सकाळी नऊला वजडी आणि वाइन घेणाऱ्यांना इथं कुणी बेवडा म्हणत नाही.

या स्वयंपाकाला प्रतिष्ठा दिली ती बायकांनी. त्यांना इथं 'मेर', म्हणजे आई, म्हणतात. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यांतली एझेनी ब्राझिए शेतावर वाढलेली, आई लहानपणीच गेलेली. लग्नाआधी मूल झालं म्हणून घरातून बाहेर पडावं लागलं, आणि ती ल्योंला कामाला आली. 1921 मध्ये तिनं र्यू रॉयाल या रस्त्यावर स्वतःची छोटी खाणावळ सुरू केली. 1933 मध्ये तिच्या दोन ठिकाणांना हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलँच्या गाइडनं प्रत्येकी तीन, म्हणजे सर्वोच्च, तारे दिले. सहा तारे एकाच वेळी मिळवणारी ती पहिलीच. पुढे जगभर गाजलेला शेफ पॉल बोक्यूज तिच्याकडे उमेदवारी करत होता. त्याला गाईचं दूध काढण्यापासून कपड्यांना इस्त्री करण्यापर्यंत सगळं करावं लागे. र्यू रॉयालची ती जागा अजूनही चालू आहे.

हे वाचताना परळ-लालबागच्या माणसाला काही आठवतं का? मला आठवतं. माझं आजोळ गिरणगावातलं. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकापोरं गावी ठेवलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर बायकांच्या खानावळीत जेवत. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसाला कित्येक डबे भरले जात. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत या बायका पिचलेल्या. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी, रविवारी वजडी नाहीतर खिमा. विणकरांचं शहर, कष्टकऱ्यांचं जेवण, रांधणाऱ्या एकट्या बायका: जमवाजमव सगळी तीच.

पुढं मात्र वाटा वेगळ्या झाल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जेवणारे गेले, त्यांच्यामागे बहुतेक खानावळीही गेल्या. आज त्याच गिरण्यांच्या आवारांत, कमला मिलमध्ये म्हणा, फिनिक्समध्ये म्हणा, झगझगीत रेस्टॉरंटं आहेत. तिथं रिसोतो मिळतो, सुशी मिळते, माझ्या ल्योंची चीजंसुद्धा मिळतात. वजडी शोधायला मात्र गल्लीतच जावं लागतं, आणि तिथं जाऊन आलेला माणूस बिलाचा फोटो ग्रुपवर टाकत नाही. रिसोतोशी माझं भांडण नाही, तो मलाही आवडतो. पण ज्या जागेवर कुणाच्या तरी आजीनं दहा माणसांचा संसार पोसणारं कालवण रांधलं, तिथं त्या कालवणाला एक टेबलसुद्धा नसावं, हे मला फ्रान्सला येईपर्यंत खटकतही नव्हतं.

आता इथलं सगळं गोड आहे असं सांगायला मी बसलेली नाही. ल्योंच्या जुन्या भागात प्रवाशांसाठी मांडलेल्या डझनावारी बूशोंपैकी खऱ्या थोड्याच. म्हणून तर मोजक्या ठिकाणांना अधिकृत पाटी देण्याची वेळ आली. देशभर इतक्या ठिकाणी पाकिटातलं गोठवलेलं अन्न गरम करून वाढलं जायला लागलं की 2014 मध्ये 'घरी बनवलेलं' असा शिक्का कायद्यानं आणावा लागला. दुपारी दोननंतर पोचलात तर स्वयंपाकघर बंद. वाढपी तुमच्याकडे असं बघतो की जणू तुम्ही त्याच्या घरी मध्यरात्री कडी वाजवलीत. आणि बर्गरच्या रांगा इथंही लांब आहेत.

तरी दोन गोष्टी मला मनापासून हेवा वाटण्यासारख्या दिसतात. पहिली म्हणजे वेळ. कामाच्या टेबलावर बसून जेवण्यावर इथल्या कामगार कायद्यात बंदीच आहे. करोनात ती तेवढ्यापुरती उठवावी लागली, तेव्हा पुष्कळांना ती होती हे कळलं. बऱ्याच कंपन्या जेवणाची कुपनं देतात, निम्मा किंवा थोडा जास्त भार मालक उचलतो, म्हणून कारकूनसुद्धा दुपारी हॉटेलात बसून 'आजचा पदार्थ' खाऊ शकतो. एकदा टेबल मिळालं की ते तुमचं. बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. पुण्यात रविवारी रात्री थाळी हॉटेलात जेवून बघा. शेवटची पोळी तोंडात असते आणि पुढचं कुटुंब तुमच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं असतं, आजोबा तुमच्या ताटातल्या श्रीखंडाकडे बघत असतात. त्यात चैन कशी करणार?

दुसरी गोष्ट म्हणजे 'पैसा वसूल' ही कल्पनाच इथं नाही. आपण अमर्याद थाळीला किंवा बुफेला गेलो की दुपारपासून उपाशी राहतो आणि मग सूड घेतल्यासारखे खातो. चौथी जिलबी कुणाला हवी असते? ती पैशांसाठी खाल्ली जाते. इथं ताटात येतं तेवढंच येतं, आधी एक, मग दुसरं, मग गोड. मधल्या वेळात लोक बोलतात, बहुतेकदा पुढच्या जेवणाबद्दल. खाल्लेल्याचा हिशेब कुणी टेबलावर मांडत नाही. तो आधीच बाहेर टांगलेला असतो: दारावर दरपत्रक लावणं सक्तीचं आहे, सेवेचा आकार दरातच धरलेला, साधं पाणी फुकट. सर्व्हिस चार्जचा वाद इथं संपलाय, कारण तो कोर्टात जायच्या आधी पाटीवर लिहिलेला असतो.

यावर काका म्हणतील, तुला युरोत पगार आहे. खरंय. पण दुपारच्या साध्या दोन पदार्थांच्या जेवणाला इथं पंधरा-वीस युरो लागतात. किमान वेतनावरच्या माणसाची ती जवळपास दोन तासांची कमाई. म्हणून माझे सहकारी रात्री बाहेर जेवतात ते पुण्यातल्या माझ्या भावंडांपेक्षा कमीच वेळा. भावंडं आठवड्यात तीनदा ॲपवरून काहीतरी मागवतात, टीव्हीसमोर बसून डब्यातूनच खातात आणि त्याला खर्चही मानत नाहीत. त्या पैशांचं मात्र मला वाईट वाटतं, गोव्याच्या बिलाचं नाही.

प्रवासातलं खाणं तर या देशानं रस्त्यालाच बांधून घेतलंय. मिशलँ ही टायरची कंपनी. 1900 मध्ये तिनं मोटारवाल्यांना फुकट पुस्तक वाटलं ते लोकांनी फिरावं आणि टायर झिजवावेत म्हणून. त्यातल्या तीन ताऱ्यांचा अर्थ आजही तोच: खास या जागेसाठी प्रवास करावा. ल्योंवरून दक्षिणेला जाणाऱ्या जुन्या सात नंबरच्या राष्ट्रीय रस्त्यावर एकीकडे वियेन गावचं ला पिरामिद हे नामवंत रेस्टॉरंट, तर दुसरीकडे लाल-निळ्या पाटीचे ट्रकवाल्यांचे ढाबे, रले रूतिए. 1936 मध्ये पगारी सुट्टी मिळाल्यावर कामगारही समुद्राकडे निघाले, ते याच रस्त्यांनी.

आपल्याकडे हे नाही असं कोण म्हणेल? दख्खनची राणी 1930 पासून मुंबई-पुणे धावते आणि तिच्या डायनिंग कारमधलं कटलेट खायला लोक जागा अडवून बसतात. तारकर्लीत सकाळी फोन करून सांगितलं तर दुपारी एखाद्या घराच्या पडवीत सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी आणि गरम भाकरी मिळते. वाढणारी बाई तुम्हाला विचारल्याशिवाय तिखट कमी करत नाही. कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा खायला जाणं हे माझ्या मते पूर्ण तीन ताऱ्यांचं कारण आहे. फक्त आपण तिथं जातो ते 'स्वस्त आणि मस्त' म्हणून. स्वस्त असणं ही त्या जेवणाची मुख्य गुणवत्ता ठरवली की त्या बाईला मासे महागले तरी दर वाढवता येत नाही, आणि तिची मुलगी कशाला चूल सांभाळेल? तिलाही चांगल्या हॉटेलासारखे पैसे द्यायची सवय आपण लावून घेतली तर काकांच्या किराण्याच्या गणिताला कुठून तरी भेग पडेल.

राहता राहिला तो परदेशी सहलींचा प्रश्न, ज्यावर दर उन्हाळ्यात हसू उडवलं जातं: स्वित्झर्लंडच्या डोंगरात पनीर मटार आणि बॅगेत भाकरवडी. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. साठ वर्षं वरणभात खाल्लेल्या माणसाला परक्या गावात रात्री मेतकूट-भात हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे. पण तीन वेळाही पनीरच? दिवसातलं एक जेवण, दुपारचं, त्या गावाला द्या. दुपारी तेच स्वयंपाकघर रात्रीपेक्षा बऱ्याच कमी दरात जेवू घालतं. शाकाहारी असाल तर ल्यों अवघड आहे, अशक्य नाही: माशाशिवायची साधी क्नेल काही ठिकाणी मिळते, पण सॉस कशाचा ते विचारा. बटाट्याचं ग्रातँ, म्हणजे भट्टीत भाजलेले बटाट्याचे काप, मिळतं, तो गुलाबी टार्ट तर मिळतोच. चीजबद्दल मात्र सांगून ठेवते, इथल्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं. साडेबाराला पोचा, टेबल आदल्या दिवशी सांगून ठेवा, पाणी हवं तर 'काराफ दो' म्हणा म्हणजे विकतची बाटली येणार नाही. आणि रविवारी-सोमवारी येऊ नका, बरीच बूशों बंद असतात.