एका पावसात रस्ता कसा संपवावा

नवा रस्ता झाला की बरेच बडोदेकर मनातून धास्तावतात. काळाकुळकुळीत, गुळगुळीत, ॲक्टिवावरून जाताना कंबरेला काही कळतसुद्धा नाही. हे असंच टिकलं तर? निर्धास्त राहा. आपलं हवामान आपल्या बाजूचं आहे, आणि ते कमी पडलं तर आपण आहोतच. फक्त थोडी समज हवी. शिव्या घालून रस्ता मरत नाही. त्याला पाणी लागतं.

आधी सबब पाठ करा. ‘आपली हवा उष्ण, दमट, त्याला कोण काय करणार?’ वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणूनच उपयोगाचं. मे महिन्यात आपला पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांवर तापलेला असतो. रस्त्याला जे व्हीजी-३० जातीचं डांबर वापरतात, ते ४७ अंशांपर्यंत नरम पडलं नाही की चाचणीत पास होतं. पुढचं त्याचं नशीब. सिग्नलपाशी, जिथे बसगाड्या ब्रेक मारून उभ्या राहतात, तिथे चाकांचे चर पडतात ते असे. शिवाय ऊन आणि हवेतला प्राणवायू मिळून डांबरातला तेलकटपणा खातात. मग ते कडक होतं, ठिसूळ होतं, त्यात केसाएवढ्या भेगा पडतात. आणि नेमका जून येतो.

या सबबीवर कोणी सिंगापूरचं उदाहरण देईल. तिथे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्या दुपटीहून जास्त. बारा महिने घाम. आणि रस्ते शाबूत. त्याला ‘छोटासा देश आहे तो’ म्हणून गप्प करा, आणि बडोदंही तसं फार मोठं नाही हे त्याच्या लक्षात यायच्या आत विषय बदला. पुण्याचा पाहुणा मात्र इतक्यावर ऐकत नाही. तो जंगली महाराज रस्ता काढतो: ७०च्या दशकातलं काम, कंत्राटदाराने १० वर्षांची लेखी हमी दिली होती, आणि रस्ता पुढे कित्येक दशकं खड्ड्याविना चालला. अशा वेळी त्या कंत्राटदाराला पुण्यात पुन्हा किती कामं मिळाली, एवढंच विचारा. पाहुणा चहाकडे वळतो.

आता पाण्याकडे येऊ. ऑगस्टात एखाद्या ताज्या खड्ड्याच्या कडेला बसा (मागून रिक्षा येत नाही ना, बघून) आणि तिथे विखुरलेला एक खडा उचला. जूनमध्ये याच खड्याच्या अंगावर डांबराचा थर होता. आता तो लख्ख करडा दिसतो, खाणीतून कालच निघाला असावा असा. डांबर कुठे गेलं? चोरीला गेलं नाही. निदान या टप्प्यावर तरी नाही. बऱ्याच दगडांना डांबरापेक्षा पाणी जास्त आवडतं, गारगोटीचा अंश जास्त असलेल्यांना तर फारच. पाणी भेगेतून शिरतं, खडा आणि डांबर यांच्या मधोमध बसतं. वरून चाक गेलं की ते आणखी आत घुसतं, चाक पुढे सरकलं की बारीक कच घेऊन परत वर येतं. दिवसातून हजारो चाकं. पंधरवड्यात संसार मोडतो. मिश्रणात टक्का-दोन टक्के विरलेल्या चुन्याची भुकटी घातली तर डांबर खड्याला धरून राहतं, ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या मुलांना माहीत असते. पण आपल्याकडे चुना खडीला लावायची पद्धत नाही.

तेव्हा तुमचं काम दोनच शब्दांत सांगता येईल: पाणी थांबवा. ते वाहून गेलं तर सगळी मेहनत वाया.

थांबवायचं कसं? रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात. जोराच्या पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला अडीच टक्के ढाळ द्यावा, असं इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. सात मीटर रुंद रस्ता धरला तर मधल्या रेषेपासून कडेपर्यंत जेमतेम ९ सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर रस्त्याचा जीव. ही संस्था १९३४ सालची. ती निघाली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या १९२७ च्या समितीच्या शिफारशींतून. रस्त्यांच्या शास्त्राला आपल्याकडे एका वकिलाने वळण लावलं, म्हणून बहुधा खड्ड्यांचा निकाल अजून कोर्टातच लागतो. असो. या ९ सेंटिमीटरचा बंदोबस्त करायला गुंडगिरी लागत नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा टाकू द्या, त्यावर आणखी एक. दोन-चार निवडणुकांत रस्ता इतका वर येतो की जुन्या वाड्यांच्या ओट्यांच्या पायऱ्या त्यात बुडतात, आणि पाणी रस्त्यावरून घरात उतरतं. मग घरवाले उंबऱ्याला सिमेंटचा बांध घालतात आणि पाणी पुन्हा रस्त्यावर. ज्याचं त्याला परत मिळालं. खरवडायचं मशीन असतं, पण ते मागू नका. त्याने जाडी दिसत नाही, आणि जाडी दिसली नाही तर नगरसेवकाने नेमकं केलं काय?

दुसरं, गाडी चढवायला दारासमोर काँक्रीटचा उतार बांधा, आणि तो थेट गटाराच्या तोंडावर आणा. शेजाऱ्याने हरकत घेतली तर त्यालाही एक बांधून द्या. पावसाळी गटाराच्या जाळीपाशी ही कामं सुबक होतात. जाळी रस्त्यापेक्षा दोन बोटं उंच बसलेली असली तर तुमचं नशीब थोर. पाणी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून तिथेच बसतं. ती चुकून बरोबर पातळीला बसली असेल तर हाताशी पिशव्या आहेतच. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली ती टाकाऊ प्लास्टिकच्या रस्त्यांसाठी: प्लास्टिकचा चुरा तापलेल्या खडीवर टाकायचा, तो वितळून खड्यावर बसतो आणि पाण्याला आत येऊ देत नाही. आपण तीच पिशवी जाळीत घालतो. सामान तेच, जागा फक्त सहा फूट चुकली.

जाळीच्या पलीकडे काय आहे याची चौकशी करत बसू नका. या शहरात भुखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस अशी पावसाचं पाणी नदीकडे नेणारी नैसर्गिक वाट होती, अजूनही तुकड्या-तुकड्याने आहे. कांस म्हणजे फुकट जागा, हे एकदा पटलं की भिंत, शेड, पार्किंग सगळं सुचत जातं. विश्वामित्री नदीला मग वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही.

विश्वामित्रीवरून माती आठवली. आपली काळी माती कापसाला उत्तम, रस्त्याला सासुरवास. भिजली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगाळते, आणि वरचा रस्ता बिचारा तिच्या मनाप्रमाणे वर-खाली होतो. रस्ता आखताना या मातीचा नमुना ४ दिवस पाण्यात बुडवून मग तिची ताकद मोजतात. सीबीआर म्हणतात त्याला. चांगल्या फोडलेल्या खडीचे १०० धरले तर भिजलेल्या काळ्या मातीला २-३ मिळतात. तिच्यात चुना मिसळून, वर मुरमाची गादी घालून, कडेला चर काढून तिला ताळ्यावर आणता येतं. पण हे सगळं जमिनीखाली. तिथे फीत कापता येत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी २६ फुटांची धोक्याची खूण सोडून ३५ च्या वर गेली, तेव्हा ही भिजवण्याची चाचणी निम्म्या शहराची एकदमच झाली. मगरी सोसायट्यांतून फिरून गेल्या. त्यांनी रस्त्याबद्दल एकही तक्रार नोंदवली नाही, हा आदर्श ठेवण्यासारखा आहे.

रस्ता नवा असतानाच त्यात पाण्याला वाट करून देण्याचा मान मात्र आपल्या उत्सवांचा. गणपतीचा मांडव घालताना बांबू उभे राहायला खड्डे लागतात. पहारीने फोडा, ड्रिलने पाडा, पण ओळीने पाडा, म्हणजे विसर्जनानंतर रस्ता तिकिटासारखा फाटतो. मांडव उतरला की खड्ड्यांत थोडा गुलाल, थोडी माती. बुजवायला डांबर मागणाऱ्या कार्यकर्त्याला नास्तिक म्हणा. वाळूचे ड्रम ठेवून त्यात बांबू रोवता येतात, काही मंडळं तसं करतातही. पण ती बहुतेक फरशीवर मांडव घालणारी, त्यांना फोडायला रस्ताच नाही. आपण सगळ्यांचे आहोत, म्हणून नंतर नवरात्र आहेच. गरब्याच्या कमानीचे खड्डे गणपतीच्या खड्ड्यांच्या मधोमध घ्यावेत.

यातून जे उरेल ते खोदाईवाल्यांसाठी. गॅसवाले, फायबरवाले, पाणीवाले एकत्र येऊन एकदाच खोदतील तर त्यांच्यातला जिव्हाळा वाढेल आणि रस्ता वाचेल, म्हणून त्यांची ओळख होऊ देऊ नका. चर बुजवताना माती थराथराने न ठोकता डोंगर करून ठेवली की उरलेलं काम पाऊस करतो. खाली जुनी ड्रेनेजची लाइन गळत असेल तर फारच छान. फुटलेल्या सांध्यातून आजूबाजूची माती पाण्याबरोबर कणाकणाने वाहून जाते, वर डांबराचं छप्पर तसंच, खाली पोकळी. आणि एक दिवस दुपारच्या वेळी, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला भुवा, म्हणजे रस्ता खचून झालेलं भगदाड, पडतो. त्यात रिक्षा गेली तर पेपरात येते, टँकर गेला तर पहिल्या पानावर. मग भोवती पत्रे उभे राहतात आणि त्यावर क्लासच्या जाहिराती लागतात.

कंत्राटदाराला तुमच्या उपदेशाची गरज नाही. अंदाजपत्रकाच्या पंचवीस टक्के ‘बिलो’, म्हणजे तेवढ्या कमी रकमेचं टेंडर, भरून काम घेतलेला माणूस कुठे काय वाचवायचं ते जाणून असतो. तुम्ही फक्त प्रेक्षक राहा. गरम मिश्रण प्लांटवरून दीडशे-एकशेसाठ अंशांवर निघतं, आणि ते ९०-१०० अंशांखाली यायच्या आत रोलर फिरून झाला पाहिजे. नाही तर ते दबत नाही, आत पोकळ्या राहतात, आणि पोकळ्या आठ टक्क्यांपलीकडे गेल्या की एकमेकींना जोडल्या जाऊन पाण्याला जिना मिळतो. आमच्या गल्लीत रस्ता झाला तेव्हा डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला, नंतर चहात अडकला, शेवटी रात्री साडेनऊला उपडा झाला. मी मुकादमाला विचारलं, “भाई, थर्मामीटर?” “हाथ अडाडी जुओ ने, काका!” मी हात लावला. भजी काढून तास झालेल्या कढईइतकं कोमट होतं. दाहोदकडची मजूर माणसं, पायात रबरी चपला, त्यांना चटका बसत नव्हता याचं मात्र बरं वाटलं.

रेतीच्या डंपरांना विसरू नका. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये रस्त्यांवर ट्रक फिरवून फिरवून मोजलं, तेव्हा आढळलं की आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळा पट होतं. म्हणजे ओरसंग नदीची ओली रेती फळीच्या वर दोन हात भरलेला एकच डंपर तुमचं काम किती हलकं करतो, बघा. त्याला रात्री गल्लीतून वाट काढून द्या. रेती तुमच्याच बांधकामाची असेल.

‘सगळं सिमेंटचं करून टाका’ म्हणणारेही भेटतील. करू द्या. सांध्यात भराव नसला आणि खाली निचरा नसला तर सिमेंटखालचीही माती वाहून जाते. शिवाय ते फोडायचा आवाज जास्त होतो, काम चाललंय असं वाटतं.

खड्डा पडल्यावर त्याला वेळेवर हात लावणं हा एकच खरा धोका. भेग असतानाच उन्हाळ्यात तिच्यात डांबर ओतलं तर खर्च किरकोळ आणि प्रकरण मिटतं, म्हणून भेगेकडे लक्ष वेधू नका. खड्डा चौकोनी कापणं, आतलं पाणी आणि धूळ काढणं, कडांना डांबराचा हात फिरवणं, थराथराने भरून ठोकणं, हे सगळं पुस्तकी. भर पावसात, पाणी असतानाच, पाडलेल्या घराचा रोडा आणा आणि ओता. विटेचा लाल चिखल दोन दिवस खड्डा भरल्यासारखा दिसतो, फोटोला पुरतो, आणि तिसऱ्या दिवशी खड्डा रुंद होऊन परत येतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं. रस्त्याच्या तोंडाशी कधी कधी एक फलक असतो: कामाचं नाव, रक्कम, कंत्राटदार, काम पुरं झाल्याची तारीख आणि हमीचा काळ. त्या काळात खड्डा पडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो. हा मजकूर कोणी वाचला तर वर सांगितलेलं सगळं पाण्यात जाईल. त्यामुळे गल्लीतल्या कोणत्याही भाऊंचा वाढदिवस शोधा आणि शुभेच्छांचा फ्लेक्स बरोबर त्या फलकावर ताणून बांधा. खालची तारीख झाकली गेली ना, तेवढं उतरून बघून घ्या.