जन्मठेप सात वर्षांची? कोणी सांगितलं?

"जन्मठेप म्हणजे 14 वर्षे. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, म्हणून खरी सातच. दोन जन्मठेपा झाल्या तर 28." काकांनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली तिघांनी अंगठेही दिले.

दिवस-रात्रीचं गणित ही निव्वळ थाप आहे. शिक्षेचं वर्ष कॅलेंडरचं वर्ष, हे जुन्या दंड संहितेत होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे. 3 वर्षांची शिक्षा झालेला दीड वर्षात सुटल्याचं कोणी पाहिलंय? शिक्षा घटते ती माफीमुळे: वर्तणूक आणि काम पाहून तुरुंग प्रशासन काही दिवस खात्यात जमा करतं. संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) आणि माफी या तीन निराळ्या गोष्टी. त्यांची खिचडी झाली की "लवकर सुटला" अशी आवई उठते.

पण जन्मठेपेत हे माफीचे दिवस वजा करायचे कशातून? शेवटची तारीखच नसते. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांनी नेमका हाच दावा केला होता, की माफी धरून आपली 20 वर्षं भरली. 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने शिक्षा कमी केली तरच सुटका, हक्क म्हणून नाही.

14 चा आकडा अगदीच हवेतला नाही, एवढं कबूल. 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ आलं. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं 475. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप लागली, किंवा फाशीची जन्मठेप झाली, तर माफी कितीही साठो, 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढावीच लागतात. राष्ट्रपती-राज्यपालांचा शिक्षा माफ करण्याचा अधिकार तेवढा वेगळा. म्हणजे 14 ही किमान अट आहे, आणि काका तिलाच सुटकेची तारीख समजून बसले.

गोडसे ज्यावर विसंबले तो कायद्यातला 20 वर्षांचा आकडा फक्त शिक्षेचा अपूर्णांक काढण्यासाठी आहे. गुन्ह्याच्या प्रयत्नाला "जन्मठेपेच्या निम्मी" शिक्षा द्यायची, तर 10 वर्षं धरतात. संपलं.

राहिला दोन जन्मठेपांचा हिशेब. सावरकरांना दोन मिळून 50 वर्षं झाली होती, हे खरं. पण ती जन्मठेप म्हणजे काळं पाणी, आणि ती शिक्षा 1955 च्या दुरुस्तीने कायद्यातून गेली. आताच्या जन्मठेपा एकीमागून एक भोगायला लावता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2016 मध्ये सांगितलं. कारण साधं आहे: माणसाला जन्म एकच.