‘रायफल अपग्रेड करा, पदक मिळवा’ या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज बरेच महिने फिरतोय. शूटिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर तो येतो, दोन-चार अंगठे मिळतात आणि मी पुढे सरकतो. आता तो आमच्या दाजींकडे पोचलाय. नववीतल्या भाच्यासाठी दाजी पतसंस्थेत कर्जाची चौकशी करून आले आणि मग मला फोन केला. विचारलं काय, तर ‘स्प्रिंग कुठे बदलून मिळेल?’ बदलावी का, हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात नव्हता, इतकं ते सगळं त्यांना पटलं होतं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात. वर ऑलिम्पिक पदकविजेता नेमबाज स्वप्नील कुसाळेचा फोटो आणि ‘पदकाचं गुपित’ असा मथळा. मग मुद्दे: पदक नव्वद टक्के रायफलचं असतं. एअर रायफलला लायसन्स लागत नाही, त्यामुळे तिच्यात हवा तो बदल करता येतो. जाड स्प्रिंग टाकली की पॉवर वाढते आणि पॉवर वाढली की नेम सुधारतो. वर स्कोप (दुर्बीण), खाली बायपॉड (दोन पायांचा टेकू), नळीच्या तोंडाला झटका कमी करणारा मझल ब्रेक लावा. पुरावा म्हणून टार्गेटच्या एका कार्डाचा फोटो, तीन छर्रे एकाच भोकात. शिवाय परदेशातले चॅम्पियन म्हणे सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलवर सराव करतात आणि खेळाडूला ती आपल्याकडेही मिळते. शेवटी ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबणं) कधीच करू नका, रोज नळी साफ करा, आणि एका दुकानाचा नंबर.

सगळ्यात आधी स्प्रिंग, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे वाया जातील, यात मात्र मूल जखमी होऊ शकतं आणि बाप पोलीस ठाण्यात बसू शकतो.

‘लायसन्स लागत नाही’ हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं शस्त्र नियम 2016 मध्ये लिहिलेलं आहे. एअर रायफलला परवान्यातून सूट आहे ती दोन अटींवर: नळीचं माप 4.5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि नळीतून सुटणाऱ्या छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त नको. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या पाहिजेत. माप तेच राहिलं पण स्प्रिंग बदलून ऊर्जा 20 ज्यूलच्या पुढे गेली, तर ती रायफल परवाना लागणाऱ्या शस्त्रांत मोडते. परवाना नसताना ती घरात असणं हा शस्त्र कायद्याखालचा गुन्हा आहे. दुकानातून आणली तेव्हा ती कायदेशीर होती, ही सबब तिथे चालत नाही. आणि असे बदल करून देणारा कारागीर तुम्हाला किती ज्यूल झाले याचा कागद देत नाही. त्याच्याकडे छऱ्याचा वेग मोजायचा क्रोनोग्राफ तरी असतो का, हे आधी विचारा.

आता ‘पॉवर वाढली की नेम सुधारतो’. हे खोटं आहे, आणि आकड्यांनी खोटं ठरतं. दहा मीटरच्या मॅच रायफलमधून साधारण 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 ते 175 मीटर वेगाने सुटतो. म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास. ऑलिम्पिकमधली, लाखो रुपयांची रायफल ही एवढीच मारते, आपल्या कायद्यातल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी! कंपन्यांना जास्त पॉवर काढता येत नाही असं थोडंच आहे. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला तेवढी पुरते, आणि जास्तीची ऊर्जा नेमबाजाच्या वाईटावरच असते.

कारण स्प्रिंगच्या रायफलमध्ये ट्रिगर दाबल्यावर आधी पिस्टन धावतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल हलायला लागते, आधी मागे, मग पिस्टन टोकाला आपटला की पुढे. स्प्रिंग जितकी जड तितका हा झटका मोठा. शिकाऊ मुलाला प्रत्येक वेळी अगदी एकसारखी पकड जमत नाही, त्यामुळे प्रत्येक छर्रा वेगळ्या झटक्यावर सुटतो आणि ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, फाटतो. मॅच रायफली स्प्रिंग सोडून दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर गेल्या त्यामागे हेच मोठं कारण होतं. जे टाळण्यासाठी अख्ख्या खेळाने तंत्र बदललं, तेच हा मेसेज पैसे देऊन विकत घ्यायला सांगतोय. वर जड स्प्रिंगची रायफल भरताना नळी खाली वाकवायला जोरही जास्त लागतो. चौदा वर्षांचं पोरगं साठ वेळा ती नळी वाकवून रायफल भरेल तेव्हा त्याच्या खांद्यात काय शिल्लक राहील?

घरच्या गच्चीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड भरून जे टार्गेट करतात, ते मूळ रायफलच्या छऱ्यालाही कसंबसं पुरतं. जास्त वेगाचा छर्रा ते पार करून भिंतीवर आदळतो आणि शिशाचे तुकडे उलटे येतात. डोळा जायला तेवढं पुष्कळ आहे. आणि कार्डाचा कंटाळा आला की अशी रायफल पाखरांकडे वळते, हे गावाकडे मी पाहिलंय. रानपक्षी मारणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात 2021 साली लोकांनी एअरगन स्वतःहून जमा कराव्यात म्हणून मोहीमच काढावी लागली. जंगलं मुकी व्हायला लागली होती, आणि त्याला कारण हीच ‘लायसन्स न लागणारी’ बंदूक होती.

तीन छऱ्यांच्या फोटोकडे येतो. दाजींनी सर्वांत आधी तोच दाखवला होता.

तीन छर्रे एका भोकात गेले म्हणजे रायफल सुधारली असं होत नाही. कुठल्याही रायफलचे छर्रे एका बिंदूभोवती विखुरतात. जितके जास्त माराल तितका लांब पडलेला एखादा छर्रा सापडायची शक्यता वाढते. त्याच रायफलने, त्याच छऱ्यांनी, काहीही न बदलता दहाचा ग्रुप मारला तर तो तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरीने साधारण दीडपटीहून मोठा येतो. हे निव्वळ संख्याशास्त्र आहे. बदलाआधीचा दहाचा ग्रुप आणि बदलानंतरचा तीनचा ग्रुप शेजारी ठेवले, तर काहीही न बदलता ‘सुधारणा’ दिसते. त्यात विकणारा माणूस वीस कार्डं मारून त्यातलं सर्वांत सुंदर एक फोटोला लावतो. उरलेली एकोणीस दाखवा म्हणावं.

खरी चाचणी कंटाळवाणी असते. रायफल टेकू देऊन किंवा क्लॅम्पमध्ये बसवून, एकाच डब्यातल्या छऱ्यांनी, दहा-दहाचे किमान पाच ग्रुप. सगळी कार्डं तारीख घालून ठेवायची, वाईटही. मग एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तेवढंच मारायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कळत नाही. असं केल्यावर बहुतेक ‘अपग्रेड’चा फरक दिसतच नाही, आणि म्हणूनच असली चाचणी करायला कुणी सांगत नाही.

आमच्या रेंजवर एका मुलीचा ग्रुप अचानक उभा लांबट यायला लागला होता. वडील नवीन नळी बघायला निघाले होते. रायफल हातात घेऊन नळी एका हाताने आणि दस्ता दुसऱ्या हाताने हलवला तर आतून बारीक ‘टक’ असा आवाज आला. दस्त्याचा पुढचा स्क्रू ढिला झाला होता. ॲलन कीने तो आवळला, मागच्या साईटचा स्क्रूही पाहिला, आणि त्याच संध्याकाळी ग्रुप पुन्हा गोल झाला. भाच्याच्या रायफलचे स्क्रू कुणी तपासलेत का, दाजी? कर्जाच्या अर्जाआधी तेवढं करा.

स्कोप, बायपॉड, मझल ब्रेक यांवर वेळ घालवत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमपुस्तकात रायफलवर दुर्बीण चालत नाही, मझल ब्रेकसारखी साधनं चालत नाहीत, आणि या स्पर्धांत बायपॉडला जागाच नाही. आपल्याकडे शालेय आणि जिल्हा पातळीवर ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साईट (बारीक भोकातून नेम) असे गट असतात, स्कोपचा गट मुलांना खेळायचाच नाही. स्कोप लावून सहा महिने सराव केलेल्या मुलाला पीप साईटच्या बारीक भोकातून पुढच्या साईटचं वर्तुळ आणि टार्गेटचा काळा गोल एकात एक बसवायला पहिल्यापासून शिकावं लागतं. ते सहा महिने गेले.

सेमी-ऑटोमॅटिकच्या मुद्द्यात एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना, मान्य करतो. अशी रायफल अचूक नसतेच, हे जुनं मत आता टिकत नाही. अमेरिकी सैन्याने एम 110 ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल स्नायपरसाठीच घेतली. नेमबाजीच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारातही सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलंच वापरतात, कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण त्याच प्रकारात जिंकलं. पण तुमचा मुलगा शिकतोय ती रायफल. ऑलिम्पिकमधल्या दहा आणि पन्नास मीटरच्या रायफली एकेक गोळी हाताने भरायच्या असतात, नियमच तसा आहे. प्रत्येक गोळीनंतर रायफल खांद्यावरून उतरवणं, श्वास सोडणं, पुन्हा पोझिशन बांधणं, हाच तो खेळ आहे. आणि अमेरिकी व्हिडिओत दिसते तसली मोठ्या काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्या शस्त्र नियमांत सर्वांत कडक श्रेणीत येते. शिकाऊ मुलाच्या वडिलांना तिचा परवाना ‘खेळासाठी’ मिळवून देतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

आता स्वप्नील. त्याचा फोटो या मेसेजवर वापरलाय याचा मला सर्वांत जास्त राग आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पदक जिंकलं तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, प्रशिक्षक दीपाली देशपांडेंच्या मार्गदर्शनाखाली वर्षानुवर्षं घासलेला. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशन फायनलमध्ये गुडघ्यावर बसून मारल्यानंतर तो सहावा होता. झोपून मारल्यावर पाचवा. मग सर्वांत अवघड, उभ्याने मारायच्या फेरीत तो वर चढला आणि 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. समोरच्या सातही जणांकडे जगातल्या उत्तम रायफलीच होत्या, त्याच्यापेक्षा कमी प्रतीचं सामान कुणाकडेच नव्हतं. नव्वद टक्के पदक रायफलचं असतं तर पाचव्यावरून तिसरा तो कशाच्या जोरावर आला? उभ्याने, स्लिंगचा (रायफल हाताला बांधायच्या पट्ट्याचा) आधार नसताना, रायफलच्या आठ किलोपर्यंतच्या वजनाखाली शरीर स्थिर ठेवणं हे स्प्रिंगसारखं बाजारात मिळत नाही.

सामानाने काहीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, आणि याच अर्धसत्यावर असे मेसेज पोसतात. पन्नास मीटरला तर काडतुसाच्या लॉटनेसुद्धा (एकत्र बनलेल्या खेपेनेसुद्धा) फरक पडतो. तिथे वापरतात ती पॉइंट टू टूची (.22 इंच मापाची) गोळी सेकंदाला 325 मीटरऐवजी 315 ने सुटली तर पन्नास मीटरवर ती साधारण सात मिलिमीटर खाली पडते. तिथे दहाच्या वर्तुळाचा व्यासच 10.4 मिलिमीटर आहे. म्हणून मोठे नेमबाज काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर आपली नळी घेऊन जातात, ती घट्ट बसवून एकेका लॉटचे ग्रुप मारतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तो उचलतात. शेजारच्या नेमबाजाच्या नळीला तोच लॉट चालेल असं नाही. हे खरं अपग्रेड. पण ज्याचा स्वतःचा ग्रुप दहाच्या वर्तुळापेक्षा लहान झालाय त्याला ते उपयोगी. ज्याचे छर्रे अजून सातच्या वर्तुळापासून दहाच्या वर्तुळापर्यंत फिरतायत, त्याच्या कार्डावर लॉटचा फरक दिसणारही नाही.

ड्राय फायरचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. स्प्रिंगची रायफल छऱ्याशिवाय चालवली तर पिस्टनला पुढे हवेची उशी मिळत नाही, तो आपटतो आणि खराब होतो, तिच्यावर करू नका. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच रायफलला मात्र ड्राय फायरची सोय मुद्दाम दिलेली असते आणि चांगला प्रशिक्षक रोज ती करून घेतो. ट्रिगर दाबताना साईट कुठे हलते हे त्यातच दिसतं. रोज नळी साफ करायची गरज नाही. एअर रायफलमध्ये दारूची काजळी नसते, आणि वेडीवाकडी सळई घालून नळी खराब करणारेच जास्त.

दाजींसाठी, आणि ज्यांच्या घरी असं पोरगं आहे त्या सगळ्यांसाठी, पैसे कशावर घालायचे ते सांगतो. आधी क्लबची फी आणि बारा महिने पुरतील एवढे एकाच बनावटीचे छर्रे. मग अंगाला नीट बसणारं नेमबाजीचं जॅकेट, वापरलेलं चालेल, मोठी झालेली मुलं विकतात. मग क्लबच्याच रायफलवर बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गालाला टेकणारा भाग) त्याच्या मापाला लावून घ्यायचं, त्याला पैसे लागत नाहीत, प्रशिक्षकाचा अर्धा तास लागतो. स्वतःची रायफल घ्यायचा विचार त्याने जिल्ह्याचा पात्रता स्कोअर काढल्यावर. आणि ज्यांनी स्प्रिंग आधीच बदलून घेतलीय त्यांनी ती रायफल मुलाच्या हातात देऊ नका, मूळ स्प्रिंग परत बसवून घ्या, आणि वेग मोजून मिळेल अशा ठिकाणी एकदा मोजून घ्या.