मागच्या बाकावर कोण बसणार?

माझी पुतणी सातारा जिल्ह्यात शिक्षणसेवक म्हणून लागली, म्हणजे कायम होण्याआधी तीन वर्षं मानधनावर शिकवायचं. परवा फोनवर तिचा आवाज रडवेला झाला होता. "काका, सातवीचा वर्ग ऐकतच नाही. ५२ मुलं आहेत. मोठे सर म्हणतात, दरारा ठेव. पण तो ठेवायचा कसा?"

घरच्या ग्रुपवर मी हा विषय काढला आणि ठरलेला वाद सुरू झाला. दादा म्हणाला, आम्ही मार खाल्ला म्हणून शिकलो. वहिनी म्हणाल्या, मारणं गुन्हा आहे. वहिनींचं बरोबर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २०१०पासून मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. पण पुतणीने छडी मागितलीच नव्हती. वर्ग सांभाळायचा कसा, एवढंच तिने विचारलं होतं आणि त्यावर कुणीच बोलेना.

मी लेस्टरला गणित शिकवतो. इंग्लंडमध्येही हे भांडण झालंय. १९८६ साली संसदेत छडीबंदीच्या बाजूने अवघं एक मत जास्त पडलं. नव्या शिक्षकाच्या मदतीला मात्र इथेही फार उशिरा माणूस मिळाला. २०२१पासून पहिली दोन वर्षं त्याला मार्गदर्शक शिक्षक असतो आणि तासांत पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के सूट मिळते. मी त्याच वर्षी लागलो.

शुक्रवारचा शेवटचा तास, नववीचा वर्ग. मी फळ्याकडे वळलो की पेनांची टोपणं उडायची. एकदा माझ्या मार्गदर्शक बाई वही घेऊन मागे बसल्या. तास संपल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली. तिच्यात नुसत्या उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. एकूण २६. "इतक्या वेळा तू 'शांत बसा' म्हणालास. आणि दर वेळी ते शांत व्हायच्या आत पुढे बोलायला लागलास." माझं ऐकलं नाही तरी चालतं, हे मीच त्यांना शिकवत होतो! मग त्यांनी मला दारात उभं केलं, प्रत्येकाला नावाने आत घ्यायला. फळ्यावर एक सोपं गणित आधीच लिहून ठेवायचं. आणि 'वही उघडा' म्हटलं की शेवटची वही उघडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हे अंगवळणी पडायला दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ गेला.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. साधारण एक तृतीयांश शिक्षक पहिल्या पाच वर्षांत नोकरी सोडतात. वर्गात तिशीच्या आसपास मुलं असतात. ५२ मुलांची नावं दारात घेता येणार नाहीत, हे मला कळतं. पण मागे बसून रेघा मारायला काय लागतं?

आपल्याकडे शिक्षणसेवकाची तीन वर्षं आधीच राखून ठेवलेली आहेत. प्राथमिकला १६ हजार मानधनावर माणूस ती कशीबशी ढकलतो. हीच वर्षं खऱ्या उमेदवारीची करा. आठवड्यातून एक तास एखाद्या जाणत्या शिक्षकाला मागच्या बाकावर बसवा, त्यासाठी त्याचा तेवढा तास कमी करा. आणि त्याने जे लिहिलं ते फक्त त्या नव्या शिक्षकाच्या हाती द्या. गोपनीय अहवालात त्यातली एक ओळही जाता कामा नये, नाहीतर अडचण कबूल कोण करेल?

पुतणीने शेवटी शेजारच्या वर्गाच्या बाईंनाच गळ घातली. त्यांचा सोमवारी तिसरा तास मोकळा असतो. येते म्हणाल्या.